डहाणू-तलासरीचे गोडे पाणी आणि जलपर्णी

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचा नकाशा समोर ठेवून पाण्याची वाट बोटाने काढीत गेले, म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते, की येथे गोड्या पाण्याचे आयुष्य फार थोडे आहे. पूर्वेकडील डोंगराळ भागातून निघालेले ओहोळ आणि नद्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुथडी भरून वाहतात, वाटेत भाताची खाचरे भिजवतात आणि थोडक्याच अंतरावर खाजणांत व खाड्यांत शिरून खारट होतात. दिवाळी सरली की ओढ्यांची धार बारीक होत जाते, आणि होळीनंतर तर कित्येक पाड्यांवरील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी लांबची विहीर गाठावी लागते. अशा मुलखात जे पाणी बारा महिने टिकते, मग ते तलासरीकडील कुर्झे धरणाचे असो, सूर्या नदीवरील धामणी धरण व कवडास बंधारा यांच्याद्वारे कालव्यांत येणारे असो, किंवा गावतळ्यांत आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांमधील शेततळ्यांत साठलेले असो, त्याचे मोल साध्या हिशेबाने ठरविता येत नाही. आणि नेमके असेच पाणी, म्हणजे गोडे, संथ, उन्हात तापणारे आणि वर्षभर न आटणारे, जलपर्णीला सर्वांत अधिक मानवते. म्हणूनच या वनस्पतीचे गुणदोष येथील वाचकांपुढे सविस्तर मांडावेत, असे मला मनापासून वाटते.

जलपर्णीचे एक रोप पाण्यातून उचलून हातात घेतले, तर तिच्या सामर्थ्याचे मर्म तेथेच सापडते. वर गोलसर, तुकतुकीत, हिरव्या पानांचा गुच्छ. प्रत्येक पानाचा देठ मध्यभागी फुगून लहानशा कांद्याएवढा झालेला. हा देठ विळीवर उभा चिरला, की आतील पांढरा, सच्छिद्र गर दिसतो, आणि त्या गराच्या बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली हवाच साऱ्या रोपाला तारून धरते, हे कळते. खाली जांभळट काळ्या मुळांचा दाट झुपका लोंबत असतो. प्रत्येक मुळाला दोन्ही अंगांनी असंख्य सूक्ष्म तंतू फुटलेले असल्यामुळे पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद शोषण्यास या वनस्पतीला जमिनीची गरजच उरत नाही. फुले फिकट जांभळी, सहा पाकळ्यांची, आणि वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा ठिपका. या फुलांच्या मोहानेच ती दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातून निघून जगभर पसरली. फुले मिटल्यावर त्यांचा दांडा खाली वाकतो आणि बी पाण्यात सोडून देतो. ते तळाच्या चिखलात रुतून पंधरा-वीस वर्षे रुजण्याजोगे राहू शकते. शिवाय बियांची वाटही न पाहता रोपाच्या बुडातून आडवे धुमारे फुटतात आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाशी नवे रोप तयार होते. ऊन आणि पोषण अनुकूल असले, तर साधारण पंधरवड्यात रोपांची संख्या दुप्पट होते. दसऱ्याच्या सुमारास कोणी तळ्यात दहा रोपे सोडली आणि वाढीचा हाच वेग टिकला, तर चार महिन्यांनी ती २५६० होतील आणि सहा महिन्यांनी ४०,९६०. तळ्याच्या एका कोपऱ्यात चार हिरवे ठिपके दिसत आहेत तोवर गावात कोणाला चिंता वाटत नाही, आणि चिंता वाटू लागते तेव्हा काठावरून पाणीच दिसेनासे झालेले असते, याचे कारण या गणितात आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात तिची नोंद दीर्घकाळ आयकॉर्निया क्रॅसिपेस या नावाने होती. हे नाव आयकॉर्न या प्रशियाच्या मंत्र्याच्या सन्मानार्थ दिलेले होते, आणि अलीकडे शास्त्रज्ञांनी तिला पॉन्टेडेरिया या वंशात परत नेले आहे. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये बागेची शोभा म्हणून आली आणि दोन-तीन दशकांतच तेथील नद्या, खाड्या व भातशेती यांच्यावर तिने अंमल बसविला. नावांची ये-जा अडली, तागाची वाहतूक खोळंबली, पुराबरोबर वाहत आलेले तिचे तांडे उभ्या भातपिकावर चढून बसले. लोक तिला कचुरीपाना म्हणत, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तर शत्रूने मुद्दाम सोडलेली वनस्पती समजून तिला 'जर्मन पाना' असेही नाव मिळाले. १९२१ साली सरकारने तिच्या चौकशीसाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जगदीशचंद्र बोस यांना दिले. आसामात १९२६ मध्ये व बंगालमध्ये १९३६ मध्ये जलपर्णीच्या निर्मूलनाचे स्वतंत्र कायदे झाले, आपल्या हद्दीतील जलपर्णी काढणे ही जमीनधारकाची जबाबदारी ठरली, आणि १९३७ च्या निवडणुकीत राजकीय पक्षांनी तिच्या नायनाटाचे आश्वासन मतदारांना दिले. एका पाणवनस्पतीसाठी कायदेमंडळाला इतकी शक्ती खर्चावी लागली, आणि तरीही बंगालच्या पाण्यातून ती आजतागायत हटलेली नाही.

महाराष्ट्रात तिचे उपद्रव पाहण्यासाठी डहाणूहून फार दूर जावे लागत नाही. कल्याणजवळ मोहने परिसरातील उल्हास नदी, जिच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील कितीतरी शहरे जगतात, ती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मैलोगणती हिरवी झालेली दिसते. पिंपरी-चिंचवडची पवना, आळंदीची इंद्रायणी, पुण्याची मुळा-मुठा, नाशिकची गोदावरी, कोल्हापूरची पंचगंगा आणि रंकाळा तलाव, मुंबईचा पवई तलाव, या सर्व ठिकाणी जलपर्णी काढण्याचा खर्च नगरपालिका वा महानगरपालिका यांच्या अंदाजपत्रकात वर्षानुवर्षे येत राहिला आहे. आणि पुणे परिसरातील नद्यांतून वाहत गेलेली जलपर्णी भीमेवरील उजनी जलाशयात जाऊन साठते. या यादीतील प्रत्येक नावामागे एकच कारण उभे आहे. शहरांचे सांडपाणी शुद्ध न होता, किंवा अर्धवट शुद्ध होऊन, नदीत येते. त्यातील नत्र व स्फुरद हेच जलपर्णीचे अन्न. स्वच्छ वाहत्या पाण्यात ती उपाशी राहते, खुरटते, पिवळी पडते. घाण पाण्यात ती कंबरेइतकी उंच वाढते. जलपर्णीला नदीचा रोग म्हणण्यापेक्षा नदीच्या रोगाचे लक्षण म्हणणे अधिक यथार्थ होईल, आणि लक्षणावरच दरवर्षी औषधोपचार करीत राहिल्याने ही बिले कधी संपत नाहीत.

तिच्यामुळे होणाऱ्या हानीचे स्वरूप मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण 'पाणी झाकले जाते' एवढ्यानेच ते पुरे होत नाही. दाट थर साचला की सूर्यप्रकाश पाण्यात उतरत नाही, त्यामुळे प्राणवायू निर्माण करणारी सूक्ष्म शैवाले मरतात. वाऱ्याने पाणी ढवळून हवा मिसळण्याची क्रियाही थांबते. आणि वरची रोपे मरून तळाशी कुजू लागली की उरलासुरला प्राणवायू त्या कुजण्यातच खर्च होतो. तेथील मासे गुदमरतात. डहाणू-तलासरीच्या वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबांच्या जेवणात गोड्या पाण्यातील माशांना जे स्थान आहे, ते ज्यांनी पहिल्या पावसात ओहोळातून खाचरांकडे चढणारे वळगणीचे मासे धरण्याची लगबग पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषांनी विणलेले माशांचे जाळे याच जीवनातून वारली चित्रकलेत आले. पाग फेकायला पाण्याचा मोकळा पृष्ठभाग लागतो. तो झाकला गेला, तर मासा जिवंत असला तरी हाती लागत नाही. दुसरी हानी पाण्याची. पानांच्या रंध्रांतून होणारे बाष्पोत्सर्जन उघड्या पाण्याच्या बाष्पीभवनाहून बहुधा अधिक असते. किती अधिक, हे वारा, ऊन आणि वाढीची दाटी यांवर अवलंबून असले, तरी चैत्र-वैशाखात जेथे हंडा-हंडा मोजावा लागतो तेथे ही थोडीशी वाढही सोसण्यासारखी नाही. तिसरी हानी आरोग्याची : काही जातींच्या डासांच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून त्यांतील हवेवर जगतात, आणि मॅन्सोनिया वंशाचे असे डास केरळात हत्तीरोगाचा प्रसार करीत आले आहेत, शिवाय थराखालच्या निवांत, घाण पाण्यात क्युलेक्स डासांचीही पैदास वाढते. आणि पहिल्या मोठ्या पुरात हा सारा थर सुटून वाहू लागला, की तो मोऱ्यांत, बंधाऱ्यांच्या झडपांत आणि पुलांच्या कमानींत अडकतो, पाण्याला फुगवटा येतो आणि बाजूची खाचरे बुडतात.

इतके सांगितल्यावर तिच्या उपयोगांविषयीही तितक्याच आस्थेने लिहिले पाहिजे, कारण ते काल्पनिक नाहीत. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या संस्थेत काडीकचऱ्यापासून सेंद्रिय खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली, त्याच पद्धतीने पुढे बंगालमध्ये जलपर्णीचे उत्तम खत तयार होऊ लागले. तिच्यात पालाशाचे प्रमाण चांगले असते, म्हणून तिची राखही शेतकऱ्यांना उपयोगी पडते. बांगलादेशाच्या दक्षिण भागात शेतकरी जलपर्णीचे थर एकावर एक रचून पाण्यावर तरंगणारे वाफे करतात आणि पूर ओसरण्याची वाट न पाहता त्यांवर भाजीपाला व रोपे वाढवितात. या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ साली जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील नासाच्या केंद्रात बी. सी. वुल्व्हर्टन यांनी १९७० च्या दशकात जलपर्णीच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करून दाखविले. बायोगॅसच्या संयंत्रात शेणाबरोबर ती घालता येते. आसामात, केरळात, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये तिच्या वाळवलेल्या देठांपासून टोपल्या, चटया व पिशव्या विणल्या जातात.

पण या प्रत्येक उपयोगाच्या पोटात एक अट दडलेली आहे, आणि तिकडे दुर्लक्ष करून 'कचऱ्यातून सोने' अशी घोषणा करणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. जलपर्णीच्या वजनात शेकडा ९५ च्या आसपास केवळ पाणीच असते. दहा टन ओली जलपर्णी काढून, ट्रकमध्ये भरून, पंधरा-वीस किलोमीटर नेली, तर त्या श्रमांतून अर्धा टन सुके द्रव्य हाती येते. डिझेल आणि मजुरी यांचा खर्च बाकीच्या साडेनऊ टन पाण्यापायी झालेला असतो. म्हणून खत करायचे ते तळ्याच्या काठापासून हाकेच्या अंतरावर, जमीन जरा उंच असेल अशा जागी, रोपे चार-आठ दिवस उन्हात सुकवून, शेण, माती आणि पेंढा यांच्या थरांत. आणि तेही फुलोऱ्यापूर्वी काढलेल्या रोपांचे, म्हणजे खताबरोबर बी शेतात जाणार नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचा गुणही पुरेपूर लागू होतो तो वाढलेली रोपे वेळोवेळी बाहेर काढली तरच. ती पाण्यातच मेली आणि कुजली, तर शोषलेले सारे नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात परततात. कारखान्यांच्या सांडपाण्यात वाढलेल्या जलपर्णीच्या मुळांत जड धातू साठतात, तेव्हा अशा ठिकाणच्या खताची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय ते भाजीच्या वाफ्यात घालणे धोक्याचे.

विणकामाची गोष्ट तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. वर ज्या कांद्यासारख्या फुगीर देठाचे वर्णन केले, तो विरळ वाढीतला देठ. तो आखूड असतो आणि विणकामास निरुपयोगी. टोपलीला लागणारा लांब, सडपातळ, चिवट देठ मिळतो तो रोपांची इतकी दाटी झाल्यावर, की प्रत्येक पान उजेडासाठी शेजाऱ्याच्या वर चढू पाहते. याचा अर्थ उघड आहे : ज्या तळ्यातून या धंद्याला चांगला माल मिळेल, ते तळे मासे, पिणे आणि शिंपणे यांच्या दृष्टीने आधीच बुडालेले असेल. या दोन तालुक्यांत बांबूच्या टोपल्या, सुपे आणि कणग्या विणण्याचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आणि बचत गटांना नवा कच्चा माल मिळवून देण्याची कळकळ असणारे लोकही आहेत. परंतु ही वनस्पती जेथे नाही तेथे ती रोजगारासाठी म्हणून आणून सोडणे ही गोष्ट मी कदापि मान्य करणार नाही. ज्यांना गुरांसाठी वा भाताच्या खतासाठी पाणवनस्पतीच हवी आहे, त्यांनी ॲझोला वापरावा. हे लहानसे तरंगते नेचे हवेतील नत्र धरून ठेवणाऱ्या नीलहरित शैवालाला आपल्या पानांत आश्रय देते, ताडपत्री अंथरलेल्या उथळ खड्ड्यात सहज वाढविता येते, आणि त्याला नदी-तळ्यात सोडण्याचे काही कारण नसते.

जेथे जलपर्णीने ठाण मांडले आहे तेथे करायचे काय? तणनाशक फवारले, तर दोन-तीन आठवड्यांत हिरवे करडे दिसू लागते आणि काम झाल्याचे समाधान लाभते. पण सारी रोपे एकदम मरून तळाशी जातात, कुजतात, प्राणवायू खातात, आणि पिण्याच्या पाण्यात औषध मिसळण्याचा धोका उरतोच. ज्या जलाशयाचे पाणी माणसे वा गुरे पितात तेथे हा उपाय नको, हे माझे ठाम मत आहे. जैविक उपाय अधिक आश्वासक आहे : निओकेटिना या वंशाच्या दोन जातींचे भुंगेरे, ज्यांच्या अळ्या देठ पोखरीत रोपाच्या गाभ्यापर्यंत जातात, ते १९८२ साली बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अमेरिकेतील फ्लोरिडाहून आणले आणि बंगळूरच्या तलावांत सोडले; पुढे मणिपूरच्या लोकटाक सरोवरातही त्यांचा प्रयोग झाला, आणि १९९० च्या दशकात आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावरील जलपर्णी हटविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मात्र या भुंगेऱ्यांना काम करण्यास वर्षे लागतात, आणि दरवर्षी पुराने किंवा यंत्राने रोपांबरोबर तेही वाहून वा उचलून नेले गेले, तर त्यांची पैदास टिकत नाही. तेव्हा आपल्या लहान तळ्यांना आणि कालव्यांना लागू पडणारा उपाय म्हणजे हाताने, मुळासकट, दोर-बांबूंनी ओढून काढणे. तो जुना आहे, कष्टाचा आहे, पण रोपे थोडी असताना अत्यंत स्वस्त आहे.

डहाणू-तलासरीला निसर्गाने एक मोठी सवलत दिली आहे. समुद्राच्या पाण्यात जितका खारटपणा असतो, त्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका खारटपणाही जलपर्णीला मारण्यास पुरतो. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवर तिला मज्जाव आहे, आणि पावसाळ्यात वरून जे काही वाहून येईल ते खाडीत मरून जाईल. दुसरी सवलत कायद्याने मिळाली : १९९१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर निर्बंध घातले आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरांचा पट्टा राखला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. उल्हास वा पवना यांच्यावर जसा शहरांचा आणि कारखान्यांचा भार पडला, तसा येथील नद्यांवर पडला नाही, याला या बंदोबस्ताचा हातभार आहे. पण जी पाणी साठवणारी स्थळे खाडीपासून दूर, वरच्या अंगाला आहेत, त्यांना भरती वाचवू शकत नाही. उन्हाळ्यात तळे आटले की जलपर्णी मरेल, अशी समजूत बाळगणेही चुकीचे. तळ उघडा पडून चिखलाला ऊन लागणे आणि मग पावसाच्या उथळ पाण्याने तो झाकला जाणे, हीच तिच्या बियांना रुजण्यासाठी उत्तम स्थिती. बारमाही तळ्यापेक्षा आटणाऱ्या तळ्यात एकदा बी पडू देणे अधिक महागात पडते.

येथे ग्रामसभेचा अधिकार आठवणे आवश्यक आहे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद केली आहे. महाराष्ट्राचे त्यासंबंधीचे नियम २०१४ साली लागू झाले. गावतळ्यात माशांचा मक्ता देताना त्याच्या करारात जलपर्णीचे एकही रोप न राहू देण्याची अट घालणे, बाहेरून मत्स्यबीज आणताना त्याबरोबर येणारे पाणी आणि त्यातील हिरवे काही असेल तर ते तळ्यात न ओतणे, शोभेच्या हौदातील ही वनस्पती ओढ्यात न टाकणे, आणि गावाच्या सांडपाण्याचा नाला थेट तळ्यात न सोडता शोषखड्ड्यात वळविणे, यांपैकी कशालाही सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. भातकापणी आटोपल्यावर, हातांना थोडी सवड असते तेव्हा, एकदा आणि संक्रांतीच्या सुमारास दुसऱ्यांदा, तळ्याचा व कालव्याच्या चाऱ्यांचा काठ चालून पाहिला, तर फुलोऱ्याआधीची रोपे सापडतात आणि दोन-चार माणसांच्या एका सकाळच्या श्रमांत निघतात. जेथे ती एकदा फुलून गेली असतील, तेथे मात्र त्या तळ्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात स्वतंत्र ठेवावी आणि ही पाहणी किमान पंधरा-वीस वर्षे, सरपंच बदलले तरी, चालू ठेवावी.